चार वर्षं दोन महिन्यांचा खुलासा

खट्.

कपाटाची कडी मी श्वास रोखून उघडत होते, तरी वाजलीच. दुपारचे अडीच, सगळं घर गप्प, आणि पलंगावर भिंगरी नुकती झोपलेली. तिने एक पाय उचलला, क्षणभर हवेतच ठेवला. मी दारातल्या पुतळ्यासारखी उभी. ही एकदा उठली की माझी दुपार संपली, हे पाच वर्षांत मला पाढ्यासारखं पाठ झालंय. पाय हळूच खाली आला, पोरगी भिंतीकडे वळली, आणि मी फाइल बाहेर ओढली.

फाइल इतकी फुगलीय की तिला दोन रबरबँड लावावे लागतात. नवरा म्हणतो, "भिंगरीपेक्षा तुझ्या फाइलचं वजन जास्त भरेल. दोघींना एकदा काट्यावर घाल." सगळ्यात वर सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून निवड झाल्याचं पत्र. त्याखाली पडताळणीची यादी, एकूण सतरा बाबी. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत सतराही पूर्ण झाल्या नाहीत तर निवड रद्द, आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या बाईला. पुढची भरती निघेल तेव्हा माझं वय बसणार नाही. म्हणजे हीच. ही गेली की मी आहे, हे दोन खोल्यांचं घर आहे आणि ही कडी आहे.

त्या सोमवारी सोळा बाबी झालेल्या होत्या. रक्त दिलं, लघवी दिली, छातीचा फोटो दिला. डोळे तपासणाऱ्याने उजवा झाका म्हटलं की मी डावा झाकत होते, तर तो म्हणाला, "सिस्टर, सुई टोचताना तरी डावं-उजवं बघा." काविळीची लस घेतल्याचा पुरावा मागितला. भिंगरीच्या जन्मापासूनच्या सगळ्या लसी मी तारखेनिशी सांगू शकते, पण स्वतःचं कार्ड सापडेना. मग लस घेतलीय हे रक्तातून दाखवायला पुन्हा रक्त दिलं. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस घरी आला. त्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, "वरच्या बाई कशा आहेत?" काकू म्हणाल्या, "चांगल्याच असतील. दिसत नाहीत कधी." त्याने 'आक्षेप नाही' असं लिहिलं आणि गेला.

राहिली होती अकरावी बाब. ती मी इतक्यांदा वाचलीय की झोपेतही म्हणून दाखवेन. मागच्या पाच वर्षांत नोकरीत तीन महिन्यांहून जास्त खंड असेल, तर त्या काळात उमेदवार काय करत होता याचा दाखला. देणारी व्यक्ती नात्यातली नसावी, जबाबदार हुद्द्यावरची असावी, आणि त्या काळात उमेदवाराला प्रत्यक्ष ओळखत असावी.

माझा खंड चार वर्षं दोन महिन्यांचा.

सासूबाईंची उजवी बाजू एका सकाळी गेली. भिंगरी तेव्हा वर्षाची होती. मी एका खाजगी दवाखान्याच्या वॉर्डात होते. महिनाभराची रजा काढली, मग दुसऱ्या महिन्याची, मग त्यांनी रजेऐवजी राजीनामा मागितला. नर्सिंगची माझी नोंदणीही त्यातच संपली, कारण ती चालू ठेवायची तर दरवर्षी प्रशिक्षणाला जावं लागतं आणि मी गल्लीच्या टोकापर्यंतही जात नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलायची. कपडे, चादरी, नळीतून पाणी, चमच्याने भात, पुन्हा कूस. इकडे बाळ, तिकडे म्हातारं बाळ, आणि मध्ये दीड फुटाची वाट. सासूबाई गेल्या त्याला आता सात महिने झाले. त्यानंतर मी नोंदणी पुन्हा करून घेतली, परीक्षा दिली, मुलाखत दिली. सगळं केलं. पण त्या काळात मला प्रत्यक्ष ओळखणारा, नात्याबाहेरचा माणूस कुठून आणू?

काकूंकडे गेले, कारण त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणजे हुद्दा होता. त्या दारातच म्हणाल्या, "अगं, तुम्ही चार वर्षं वर राहता? मला वाटलं, या वर्षी आलात." त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज सकाळी त्यांच्या डोक्यावर मी चादरी झटकत होते, पण चादरीला कोण ओळखतं?

मग मंगळवारी भिंगरीला आंघोळ घालताना मला सासूबाईंचे डॉक्टर आठवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. सासूबाई मानी बाई. आयुष्यभर कुणाला पाण्याचा ग्लास मागितला नव्हता. आता सुनेने आपलं सगळं, सगळं म्हणजे सगळंच, करावं हे त्यांना मरणाहून जड होतं. डॉक्टर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी भांडं हातात घेऊन उभी होते, अंगात वॉर्डातला जुना पांढरा कोट, कारण उकळून धुता येईल असं घरात तेवढंच होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई वाकड्या झालेल्या तोंडाने, पण ठासून म्हणाल्या, "नर्स ठेवलीय."

मी भांडं खाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. सिस्टर, नाडी किती होती सकाळी?"

मी नाडी सांगितली. रक्तदाब सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

ते गेल्यावर सासूबाई अर्ध्या चेहऱ्याने हसल्या. म्हणाल्या, "नर्सबाई, पाणी." मी म्हटलं, "माझी ड्यूटी संपली, सुनेला सांगा." त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. त्यानंतर तो आमचा खेळच झाला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डॉक्टर यायचे, आणि सकाळपासून सासूबाई मागे लागायच्या, "कोट घाल, कोट." मी घालायचे. कुणाचं काय बिघडत होतं? महिनाभर मला कुणी 'दूध संपलं का' याच्यापलीकडे काही विचारत नसे. त्या दिवशी पंधरा मिनिटं एक शिकलेला माणूस मला विचारायचा, "तुमचं काय मत, सिस्टर?" आणि मला मत असायचं.

बुधवारी सकाळी भिंगरीचा हात धरून मी त्यांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी मान वर केली आणि चेहरा उजळला. "अरे, सिस्टर! कुठे असता हल्ली?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण ते बोलतच होते. "तुम्हाला सांगतो, मी विद्यार्थ्यांना तुमचं उदाहरण देतो. साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई, आणि पाठीवर एक जखम नाही. एक! आमच्या मोठमोठ्या रुग्णालयांत आठवड्यात होतात."

मला ते शब्द हवे होते. कागदावर, सहीशिक्क्यानिशी. हावरटासारखे हवे होते. मी म्हटलं, "डॉक्टर, सरकारी नोकरी लागतेय. या काळात मी काय करत होते याचं पत्र हवंय."

"देतो की! आत्ता देतो." ते लिहायला बसले. लिहिता लिहिता म्हणाले, "बाकी त्या घरची सून काय करायची हो? मला तर एकदाही दिसली नाही."

"असायची," मी म्हटलं. "कामात असायची."

भिंगरी वजनकाट्यावर चढून बसली होती. "आई, मला उतरव."

"ही तुमची? हिला घेऊनच यायचात ना तुम्ही कामाला? कौतुक आहे बाई तुमचं."

मी पत्र घेतलं, भिंगरीला उतरवलं, आणि अक्षरशः पळाले. बसमध्ये ते चारदा वाचलं. 'पूर्णवेळ परिचारिका म्हणून त्या घरी कार्यरत. अत्यंत कुशल.' भिंगरी म्हणाली, "आई, तू एकटीच का हसतेस?"

पडताळणी कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबलचक बोळ, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतीला स्क्रूने पक्क्या केलेल्या खुर्च्या. खुर्ची जराही पुढेमागे सरकत नाही. गुडघे समोरच्या रांगेला लागतात. चार नंबरच्या खिडकीत ज्या बाई बसतात, त्या चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत असतात. मनात मी त्यांना चष्मेबाई म्हणते.

"आणलंत? शाब्बास," चष्मेबाई म्हणाल्या. त्यांनी पत्र घेतलं, धप्पकन शिक्का मारला, नोंदवहीत आवक क्रमांक टाकला, आणि मग वाचायला घेतलं. त्यांच्याकडे असंच आहे. आधी शिक्का, मग वाचन. नाहीतर वाचता वाचता संध्याकाळ होते आणि लोक म्हणतात कागद दिला होता. 

वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला.

"अगं बाई. हे काय आणलंत तुम्ही?"

"का? डॉक्टर आहेत. नात्यातले नाहीत."

"तुमची नोंदणी कधी संपली होती?"

मी तारीख सांगितली.

"आणि हे म्हणतात, त्याच काळात तुम्ही पूर्णवेळ परिचारिका होतात. नोंदणी नसताना. शिवाय अर्जात ही नोकरी तुम्ही दाखवलेली नाही. म्हणजे माहिती लपवली. म्हणजे दोन आक्षेप."

माझे कान तापले. "बाई, ती नोकरी नव्हती. मी त्या घरची सून आहे. सासूचं करत होते."

"इथे सून कुठे लिहिलंय?"

मी सगळं सांगितलं. कोट, मंगळवार, सगळं. माझ्या मागे रांगेतले लोक ऐकत होते. एकाने तर हसू दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हात हौसेने पुढे केला होता.

"ते पत्र परत द्या," मी म्हटलं. "मी दुसरं आणते."

"आवक क्रमांक पडला की. आता ते पत्र तुमचं नाही, कार्यालयाचं. मी फाडलं तर माझी नोकरी जाते, ठेवलं तर तुमची."

भिंगरी खिडकीच्या कठड्याला लोंबकळत होती. चष्मेबाईंनी तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि आवाज खाली घेतला.

"ऐका. उद्याच्या उद्या दोन कागद तयार करा. एक डॉक्टरांचा: आधीचं पत्र गैरसमजातून दिलं, त्या घरी परिचारिका नव्हती, ही त्या घरची सून. दुसरं तुमचं प्रतिज्ञापत्र, तीन प्रतींत: या काळात मी कोणतेही काम केले नाही. दोन्ही शुक्रवारी सकाळी मला द्या. मी जोडते आणि फाइल पुढे सरकवते."

"पण मी केलं."

"मला कळतंय हो."

"'सासूची सेवा केली' एवढं तरी लिहू?"

"सेवा लिहा, काळजी लिहा, शुश्रूषा लिहा. या पहिल्या पत्राच्या शेजारी ठेवलं की सरळ समितीकडे जातं. समिती बसते पुढच्या महिन्यात. तोवर तुमच्या जागेवर दुसरी रुजू झालेली असेल." त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. "घरी रिकामी बसले होते, असं लिहा. रिकाम्या बाईवर कुणी आक्षेप घेत नाही."

मी हललेच नाही तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे वडील दोन वर्षं होते अंथरुणात. मी सगळी रजा संपवली. रजेच्या अर्जावर काय लिहिलंय माहितीय? वैयक्तिक कारण." मग मोठ्याने, "चला, पुढे कोण?"

गुरुवारी सकाळी पुन्हा डॉक्टर. या वेळी भिंगरीला काकूंकडे ठेवलं. काकू आता मला ओळखतात. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसले, अगदी मोठ्याने, मग एकदम थांबले.

"म्हणजे मी ज्या सुनेबद्दल तुम्हाला विचारलं..."

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, ती कामात असायची."

"असायचीच की," मी म्हटलं.

त्यांना राग आला होता. माझा नाही बहुतेक. साडेतीन वर्षं आपण एका घरात जाऊन समोरचं माणूस पाहिलं नाही, याचा. त्यांनी कागद पुढे ओढला आणि चष्मेबाईंनी सांगितलं तसं लिहिलं. त्या घरी कोणतीही परिचारिका नव्हती. पूर्णविराम दिला. पेन कागदावरच होतं.

"पाठीला जखम नव्हती, ते लिहू? ते तर खरं आहे."

मला हो म्हणायचं होतं. "नको," मी म्हटलं. "मग विचारतील, कुणामुळे नव्हती."

त्यांनी सही केली. मी उठले तेव्हा निरोप द्यायला त्यांना शब्दच सापडेना. सिस्टर म्हणावं तर नाही, वहिनी म्हणावं तर तेही नाही. "बरं," म्हणाले, "या मग."

संध्याकाळी नवरा आला. मी जेवणाच्या टेबलावर तीन कोरे कागद मांडून बसले होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला फ्रिज. त्या टेबलाशी एकच माणूस नीट बसू शकतं, आणि एकदा बसलं की दुसऱ्याने खुर्ची ओढल्याशिवाय उठू शकत नाही. त्याने सगळं ऐकलं.

"लिही ना मग. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"तू लिही."

"मी कसं लिहू? सही तुझी लागणार."

"तू सांग तरी, लिहू ना?"

तोही त्या घरातच होता. सकाळी सातला जायचा, रात्री यायचा, आणि आईजवळ बसून तिचा उजवा हात चोळायचा. त्याने दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला घेतल्या. एकाच शर्टाची तीनदा घडी घातली.

"आई काय म्हणाली असती?" मी विचारलं.

"आई?" तो विचारात पडला. "म्हणाली असती, खोटं लिहायचं तर निदान अक्षर तरी नीट काढ."

मला हसू फुटलं. खूप हसलो आम्ही दोघं. मग तो दूध आणायला खाली गेला आणि मी पेन उचललं.

'मी खाली सही करणार प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की, उपरोक्त चार वर्षं दोन महिन्यांच्या काळात मी घरीच होते व कोणतेही काम केले नाही.' हात एकदाही अडला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. पहिली प्रत झाली, सही केली. दुसरी झाली, सही केली. माझं अक्षर खरंच छान आहे. वॉर्डात असताना सगळ्यांची औषधांची पानं माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. तिसऱ्या प्रतीवर ओळ लिहून झाली तेव्हा भिंगरी टेबलाखालून वर आली आणि माझ्या मांडीत घुसली. तिला नुकतं वाचता यायला लागलंय. जिथे अक्षर दिसेल तिथे बोट ठेवते. साबणाच्या वेष्टनावर, औषधाच्या बाटलीवर.

"को... ण... ते... ही," तिचं बोट शाईवरून सरकलं. "ओली आहे."

"पुसू नकोस गं, सोन्या. पुन्हा लिहावं लागेल."

"का... म. के... ले. ना... ही." तिने मान मागे टाकून उलटीच माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही केलं?"

"मी."

"तू?"

"हं. कार्यालयात द्यायचंय ते. उद्या. मग आईला नोकरी मिळणार, मग आई रोज सकाळी डबा घेऊन जाणार, आणि तू काकूंकडे..."

"तू घरी होतीस आणि आजी होती तेव्हा?"

"हो, तेव्हाचंच."

ती पुन्हा कागदाकडे वळली. ओठ हलवत ओळ मनाशीच एकदा वाचली. दारात किल्लीचा आवाज आला, नवरा दूध घेऊन आला होता, पण तो तिथेच थांबला. भिंगरीच्या कपाळावर बारीक आठी पडली. साखर-मीठ ओळखता आलं नाही की पडते, तशी.

"पण आई," ती म्हणाली, "तू आजीला वळवायचीस तेव्हा मी उशी धरायचे ना? तू म्हणायचीस, भिंगरी मला कामात मदत करते."

"हो."

"मग मी कुठल्या कामात मदत करायचे?"